मैदान गळ्यांसाठी मोकळं ठेवा

मी काम करतो त्या बहरीनमधल्या मआमीरच्या वर्कशॉपांमागे वाळूचं एक मोकळं मैदान आहे. मध्ये सिमेंटची पट्टी, तिच्यावर शुक्रवारी अंथरली जाणारी मॅट, सीमारेषेच्या जागी चुन्याची रेघ आणि लांबवर तेलशुद्धीकरण कारखान्याची पेटती फ्लेअर. हिवाळ्यात इथं टेनिस बॉलचे सामने रंगतात. फॅब्रिकेशनवाले विरुद्ध स्कॅफोल्डिंगवाले, पेंटर विरुद्ध पायपिंगवाले. बघायला आलेली माणसं आडव्या पाडलेल्या केबल ड्रमवर नाहीतर पिकअपच्या फळीवर बसतात. यंदाच्या अंतिम सामन्याला आयोजकांना प्रायोजक मिळाला आणि त्याच्याबरोबर जनरेटर, दोन उंच स्पीकर आणि माइकवाला निवेदक आला. पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत गाणी वाजत राहिली. षटकार गेला की एक गाणं, गडी बाद झाला की दुसरं, मधल्या वेळेत ‘मेक सम नॉइज’. ज्या मैदानावर दर शुक्रवारी ‘अरे आवाज कुणाचाऽऽ?’ ही हाक उठते, तिथं ती त्या दिवशी एकदाच उठली, स्पीकरखाली दबली आणि पुन्हा कुणी दिली नाही.

मला याचं मनापासून वाईट वाटलं. मआमीरचा सामना हा शेवटी कामगारांचा विरंगुळा आहे. पण सुट्टीत पुण्याला आलो की महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत, क्रीडा महोत्सवांत हेच पाहतो, आणि तिथं त्याचं नुकसान फार मोठं आहे. म्हणून माझं म्हणणं सरळच मांडतो. महाविद्यालयीन सामन्यात खेळ चालू असताना मैदानावर गाणी वाजवू नयेत. प्रेक्षकांची घोषणा हा खेळाचाच भाग आहे, ती विद्यार्थ्यांनी स्वतः घडवायची असते, आणि ती घडायला मैदानावर थोडी शांतता लागते. ती शांतता आपण ताशी दराने भाड्याच्या स्पीकरना देऊन टाकतो आहोत.

मआमीरमध्ये ही हाक आणली ती साताऱ्याकडच्या एका स्कॅफोल्डरने. कॉलेजात असताना तो कबड्डीच्या संघात राखीव खेळाडू होता. मैदानात उतरायची संधी क्वचितच मिळायची, त्यामुळे घोषणा द्यायचं काम आपसूकच त्याच्याकडे आलं. तो हाक कशी देतो हे पाहण्यासारखं आहे. आधी नुसता उभा राहतो. मग कंबरेतून पुढे वाकतो, एक हात हवेत नेतो आणि ‘कुणाचा’मधला शेवटचा ‘चा’ दम पुरेल तोवर ताणतो. त्यानंतर थांबतो. तेवढ्या थांबण्यात केबल ड्रमवरची माणसं छाती भरून श्वास घेतात आणि ‘यार्डाचा!’ म्हणून एका दमात उत्तर देतात. उत्तर देणाऱ्यांत मल्याळी असतात, तेलुगू असतात, बंगाली आणि पंजाबी असतात. त्यांतल्या बहुतेकांना मराठी येत नाही. तरी आपण कुठं बोलायचं हे त्यांना एकदा ऐकून समजलं. आता एखाद्या शुक्रवारी स्कॅफोल्डर ड्यूटीवर असला तर हाक देतो तो केरळचा एक पेंटर, आणि ‘चा’ तोही तितकाच ताणतो.

मी हीच हाक पहिल्यांदा ऐकली ती मात्र मैदानावर नाही. पुण्यात एस.पी. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकत होतो, तेव्हा सदाशिव पेठेतल्या भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडकाला ऐकली. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 साली पुरुषोत्तम ऊर्फ आप्पासाहेब वझे यांच्या स्मरणार्थ ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा सुरू केली. कागदोपत्री ती नाटकाची स्पर्धा आहे. पण ‘भरत’च्या बाल्कनीत जो कधी उभा राहिला असेल त्याला ठाऊक आहे की तिथल्या इतका चुरशीचा सामना पुण्यातल्या मैदानांवरही क्वचितच होतो.

एक एकांकिका संपते, पडदा पडतो आणि पुढच्या संघाची पोरं नेपथ्य लावायला धावतात. पडद्याआड खिळे ठोकल्याचा, लेव्हल सरकवल्याचा आवाज येत असतो. प्रेक्षागृहात करायला काहीच नसतं. नेमक्या त्या रिकाम्या वेळेत मागून कुणीतरी ओरडतं, ‘अरे आवाज कुणाचाऽऽ?’ आणि बाल्कनी कोसळेल की काय असं वाटावं इतक्या जोरात उत्तर येतं, ‘एस.पी.चा!’ लगेच डाव्या बाजूने फर्ग्युसनची हाक, तिला उत्तर, मग बीएमसीसी, मग सीओईपी. हाक देणारा बहुधा नटांपैकी नसतो. तो बॅकस्टेजचा असतो, गेल्या वर्षीचा असतो, किंवा ज्याला संघात घेतलं नाही असा असतो. स्पर्धेत त्याचा सहभाग गळ्यापुरता, पण तो गळा जाईपर्यंत तो देतो. आणि तिसरी घंटा झाली की तेच प्रेक्षागृह चिडीचूप. समोर प्रतिस्पर्धी कॉलेजची एकांकिका असली तरी पोरं ऐकतात. ओरडायचं कधी आणि गप्प बसायचं कधी, हे शिक्षण मला वर्गाबाहेर मिळालं ते तिथं. 2022 साली परीक्षकांना एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची वाटली नाही आणि त्या वर्षी पुरुषोत्तम करंडक कुणालाच दिला गेला नाही. जिथं मुलं इतकी जीव तोडून ओरडतात तिथं निकालही तितकाच कडक असतो.

साताऱ्याच्या पोराने ‘भरत’ पाहिलेलं नाही आणि मी कबड्डीचा संघ पाहिला तो लांबूनच. तरी दोघांची हाक एकच. हीच हाक शिवसेनेच्या सभांत आहे, दहीहंडीच्या पथकांत आहे, गिरणगावातल्या कामगारांच्या मोर्चांत होती, एमआयडीसीतल्या मोर्चांत आहे. एकाने विचारायचं आणि सगळ्यांनी सांगायचं, हा साचा आपल्या अंगात फार आधीपासून भिनलेला आहे. शाहिरामागे झीलकरी उभे असतात. दिंडीत वीणेकरी चरण सुरू करतो आणि मागचे टाळकरी तो उचलतात. जड पाइप हलवताना आमच्या यार्डात आजही एकजण ‘जोर लगाके’ म्हणतो आणि बाकीचे ‘हैसा’वर खांदा देतात. घोषणेवर कुणाची सही नसते ती यामुळे. ती वापरणारा प्रत्येकजण तिचा मालक असतो.

काही ठिकाणी मात्र घोषणेचा जन्म नोंदला गेला आहे, आणि त्या नोंदी वाचल्या की ती कशी घडते हे समजतं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाची ‘रॉक चॉक, जेहॉक’ ही घोषणा 1886 सालची. तिचे कर्ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक ई. एच. एस. बेली. विद्यापीठाच्या विज्ञान मंडळाला स्वतःची एक घोषणा हवी होती. बेली आणि त्यांचे सहकारी विचिटाहून लॉरेन्सला आगगाडीने परतत होते, तेव्हा रुळांवरच्या चाकांच्या ठेक्यावर त्यांनी ती बांधली. सुरुवातीला तिच्यात नुसतं ‘राह, राह’ होतं. पुढे त्या जागी ‘रॉक चॉक’ आलं, कारण विद्यापीठ ज्या माउंट ओरिअड टेकडीवर वसलेलं आहे तिथला दगड चुनखडीचा. 1887 मध्ये सगळ्या विद्यापीठाने ती आपली मानली. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ 1898 मध्ये त्याच विद्यापीठात शिकवायला आला तेव्हा घोषणा तयारच होती, खेळ तिच्यामागून आला. आजही तिथं बास्केटबॉलच्या सामन्यात विजय निश्चित झाला की हजारो लोक ती संथ लयीत म्हणतात. एका डब्यातल्या काही माणसांनी चाकांचा आवाज ऐकला आणि तो आपल्या गावच्या मातीशी जोडला, एवढ्यावर ती उभी आहे.

दुसरं उदाहरण अलीकडचं आणि माझ्या शेजारचं आहे. मआमीरहून गाडीने थोड्याच वेळात जुफैर येतं. तिथं अमेरिकेच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय आहे. तिथल्या एका उपाहारगृहात, पडद्यावर त्यांचा सामना चालू असताना, खलाशांच्या तोंडून मी ‘आय बिलीव्ह दॅट वी विल विन’ ही घोषणा ऐकली. ही घोषणा जन्मली तीच मुळी नौदलाच्या विद्यार्थ्यांत. 1998 साली अमेरिकी नौदल अकादमीच्या पूर्वतयारी शाळेत जे रॉड्रिगेझ नावाच्या विद्यार्थ्याने ती आपल्या तुकडीसाठी केली. तिथून ती अॅनापोलिसच्या अकादमीत गेली, मग इतर महाविद्यालयांच्या बास्केटबॉलच्या गॅलऱ्यांत शिरली आणि 2014 मध्ये ब्राझीलच्या फुटबॉल विश्वचषकात अमेरिकेच्या पाठीराख्यांनी ती जगाला ऐकवली. तिची घडण अगदी साधी आहे. पुढे उभा असलेला एक शब्द म्हणतो, सगळे तो म्हणतात. मग तो दोन शब्द म्हणतो, सगळे दोन म्हणतात. असा एकेक शब्द वाढत जातो आणि पूर्ण वाक्य तयार झालं की सगळी गॅलरी उड्या मारायला लागते. जो उशिरा आला, ज्याला काहीच माहीत नाही, तोही तिसऱ्या फेरीला सामील होतो. शिकवणी मैदानातच होते. त्यासाठी फक्त पुढच्याचा आवाज मागच्यापर्यंत पोचावा लागतो.

आणि आपली सगळ्यांत मोठी घोषणा तर घरातून निघाली. वांद्र्याच्या साहित्य सहवास वसाहतीत खाली खेळणाऱ्या मुलाला आई वरून हाक मारायची, ‘सचिन, सचिन’. मैदानावरच्या घोषणेची सुरुवात आईच्या त्या हाकेतून झाली, असं तेंडुलकरने स्वतः सांगितलं आहे. एप्रिल 1998 मध्ये शारजात त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन दिवसांच्या अंतराने 143 आणि 134 धावा केल्या, तेव्हा या आखातातल्या मजुरांनी, कारकुनांनी आणि दुकानदारांनी ती हाक डोक्यावर घेतली. आजही इथली जुनी माणसं त्यांतल्या एका सामन्यातल्या वाळूच्या वादळाची गोष्ट सांगतात आणि सांगता सांगता तो ठेका धरतात. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोप घेताना तेंडुलकरने सांगितलं की ही हाक शेवटच्या श्वासापर्यंत कानांत घुमत राहील. तीन अक्षरी नाव, तीन टाळ्या. कोणत्याही जाहिरात कंपनीला पैसे मोजून हे करता आलं नसतं.

आता हे सगळं एका सूत्रात बसतं ते माझ्या धंद्यामुळे मला चटकन दिसतं. मी वर्कशॉपमध्ये वेल्डिंगची तपासणी करतो. अल्ट्रासोनिक टेस्टिंगला आम्ही नुसतं यूटी म्हणतो. प्लेटवर जेल लावायचं आणि त्यावर प्रोब टेकवायचा. प्रोब लोखंडात आवाजाचा एक बारीक ठोका सोडतो, माणसाच्या कानाला न ऐकू येणारा, आणि लगेच गप्प होऊन परत येणाऱ्या प्रतिध्वनीची वाट पाहतो. प्लेट सलग असेल तर पलीकडच्या पृष्ठभागावरून प्रतिध्वनी येतो आणि पडद्यावर ठरलेल्या जागी एक उंच रेघ उभी राहते. मध्ये भेग असेल तर रेघ आधीच उठते. सगळी करामत त्या दोन ठोक्यांमधल्या शांततेची आहे. प्रोब अखंड ठोके सोडत राहिला तर परत काय आलं हे कुणालाच कळणार नाही. घोषणेचंही तसंच आहे. हाक, मग रिकामी जागा, मग उत्तर. उत्तर किती जोरात आलं, कुठल्या कोपऱ्यातून आलं, किती उशिरा आलं, यावरून संघ किती एकजीव आहे हे हाक देणाऱ्याला तिथल्या तिथं समजतं. स्पीकर ती रिकामी जागाच भरून टाकतो. मग गर्दी आवाजात न्हाऊन निघते, पण तिला स्वतःचं ऐकू येत नाही.

ज्या देशात मी राहतो त्या बहरीननेही हे जाणून जपलं आहे. तेल 1932 साली सापडलं. त्याआधी हा देश मोत्यांवर जगत होता आणि ते मोती विकले जायचे मुंबईच्या बाजारात. उन्हाळ्याचे महिने पाणबुडे समुद्रावर असायचे. त्यांच्या गलबतावर नह्हाम नावाचा एक गाणारा असायचा. काम त्याचं एकच, सुरुवात करायची. शीड उभारताना, वल्ही मारताना, नांगर ओढताना तो वरच्या पट्टीत ओळ उचलायचा आणि खलाशी खालून खर्जातला हुंकार भरत ती पेलून धरायचे. किनाऱ्यावर परतल्यावर हेच गाणं टाळ्यांवर, ढोलावर आणि जहल नावाच्या मातीच्या घड्यावर चालायचं. त्याला फिजिरी म्हणतात. जपानच्या कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मोत्यांनी 1930 च्या दशकात तो धंदा बसवला, गलबतं गेली, पण मुहर्रकच्या मंडळींनी आपल्या बैठकीच्या घरांत, ज्यांना इथं दार म्हणतात, ते गाणं चालू ठेवलं. 2021 मध्ये युनेस्कोने फिजिरीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. जे कामाच्या रेट्यातून, घामातून आलं, ज्याचा कर्ता कुणी एक नाही, ते वारसा म्हणून जपायला या देशाला कमीपणा वाटला नाही. आपल्या कॉलेजांच्या घोषणा आपण कुठं लिहून ठेवल्या आहेत?

माझ्या म्हणण्यावर काही आक्षेप येतील, आणि ते विचार करण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की गाण्यांमुळेच गर्दी जमते, आणि गाण्यांतूनही घोषणा जन्मतात. हे खरं आहे. लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अॅनफील्ड मैदानावर सामन्याआधी लोकप्रिय गाण्यांच्या तबकड्या वाजायच्या. 1963 साली ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे गाणं पहिल्या क्रमांकावर होतं आणि उभ्याने पाहणारे प्रेक्षक त्याबरोबर गाऊ लागले. पण पुढं काय झालं ते पाहा. गाणं पहिल्या दहांतून उतरलं, वाजायचं थांबलं, आणि प्रेक्षकांनी ते स्वतःच म्हणायला घेतलं. त्या दिवसापासून ते त्यांचं झालं. म्हणजे तिथंही घोषणा पक्की झाली ती स्पीकर बंद पडल्यावरच. याउलट आयपीएलची तुतारी घ्या. ती एका जुन्या स्पॅनिश पासोदोब्लेची सुरावट आहे, ती यंत्रातून वाजते आणि प्रेक्षक शेवटी ओरडतात. मुंबईत ती, चेन्नईत ती, कोलकात्यातही तीच. विचारणारा यंत्रात बसलेला आहे आणि उत्तरात गावाचं, संघाचं, कुणाचंच नाव नाही. तिथं उत्साह असतो हे मी नाकारत नाही. पण महाविद्यालयाने त्याची नक्कल करायचं कारण नाही. महाविद्यालयाकडे त्याहून मोलाचं काहीतरी आहे, ते म्हणजे एकमेकांना नावाने ओळखणारे प्रेक्षक.

आपल्या मातीतल्या खेळांचं तर गाण्यांनी प्रत्यक्ष नुकसान होतं. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम स्पष्ट ऐकू आला पाहिजे, असा नियम आहे. पंच तो कानाने तपासतो. खो-खोमध्ये ‘खो’ मोठ्याने दिला गेला पाहिजे, नाहीतर चूक धरली जाते. हे दोन्ही खेळ निम्मे कानाने खेळले जातात. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डी जगाला दाखवली तेव्हा दाखवण्यासारखं होतं ते एका श्वासावर पेललेलं धाडस. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी तो जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. ज्या महाविद्यालयांतून आणि क्लबांतून असे खेळाडू पुढे येतात त्यांच्या मैदानावर तरी ‘खो’ ऐकू यावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गर्दीचा गळा मोकळा सोडला तर त्यातून शिव्याही निघतात. प्रतिस्पर्ध्याची जात काढली जाते, मुलींच्या सामन्यात नको ते बोललं जातं. जानेवारी 2021 मध्ये सिडनीच्या मैदानावर मोहम्मद सिराजला प्रेक्षकांतून जे ऐकावं लागलं त्यामुळे खेळ थांबवावा लागला होता. आपल्याकडची गर्दीही निष्पाप नाही. ज्या वानखेडेने ‘सचिन, सचिन’ म्हटलं त्याच वानखेडेवर मार्च 2006 मध्ये इंग्लंडविरुद्ध लवकर बाद झाल्यावर तेंडुलकरची हुर्यो उडवली गेली होती. तरीही मी म्हणेन की यावरचा इलाज स्पीकर नाही. गाण्याखाली शिवी झाकली जाते, देणारा मात्र तसाच राहतो. उलट हाक देणारा सगळ्यांसमोर उभा असतो, त्याचा चेहरा दिसतो, त्याचं नाव वर्गाला माहीत असतं. आणि त्याची ताकद पूर्णपणे उत्तरावर अवलंबून असते. घाणेरड्या हाकेला बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही की ती तिथंच मरते. आमच्या मैदानावर एकदा एकाने शेजारच्या देशातल्या खेळाडूवरून वाकडी हाक दिली. केबल ड्रमवरून कुणीही तोंड उघडलं नाही. तो माणूस खाली बसला आणि त्या दिवसानंतर तसली हाक पुन्हा आली नाही. 31 जानेवारी 1999 ला चेन्नईच्या चेपॉकवर पाकिस्तानने भारताला थोड्या धावांनी हरवलं, तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं आणि टाळ्यांच्या गजरात पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली. तो शहाणपणा त्या गर्दीत वर्षानुवर्षांच्या सवयीने आला होता. नुसतं गाण्यावर नाचवलेल्या गर्दीला असा निर्णय घ्यायची सवय कुठून लागणार?

तिसरा आक्षेप पैशाचा. प्रायोजकाला आपलं नाव ऐकू यायला हवं असतं. त्याला फलक द्या, जर्सीवर जागा द्या, नाणेफेकीच्या वेळी आणि बक्षीस समारंभात माइक द्या. खेळ चालू असतानाचा वेळ विकायला नको. शिवाय कायद्याचाही एक मुद्दा आहे. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्र ही कल्पना आली ती रुग्णालयं, न्यायालयं आणि शिक्षणसंस्था यांच्या भोवतालच्या किमान 100 मीटर परिसरासाठी. ज्या आवारासाठी शांततेचा विचार झाला तिथंच आपण भिंती हादरवणारे बेस लावतो, याचा प्राचार्यांनी आणि विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी शांतपणे विचार करावा.

मला जे हवं आहे ते करायला खर्च नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत ध्वनिवर्धक फक्त गुण आणि खेळाडूंची नावं सांगण्यापुरता वापरला जावा. ढोल, ताशा, हलगी, थाळी, जे हाताने वाजतं आणि वाजवणारा थकला की थांबतं, त्याला मुभा असावी. प्रत्येक महाविद्यालयाच्या जिमखान्याने आपल्या घोषणांची एक वही ठेवावी. कोणती घोषणा, कोणत्या सालची, कोणत्या सामन्यात पहिल्यांदा दिली, कुणी दिली, उत्तर काय होतं. माजी विद्यार्थ्यांचे मेळावे दरवर्षी होतात. साठीतली, सत्तरीतली मंडळी तिथं येतात, जुने फोटो काढतात. त्यांना पाच मिनिटं उभं करा आणि त्यांच्या वेळची हाक त्यांच्याच गळ्यातून फोनवर ध्वनिमुद्रित करून घ्या. कागदावर शब्द राहतील, पण ‘चा’ किती ताणायचा हे कागद सांगू शकत नाही. मराठीचे, लोकसाहित्याचे, समाजशास्त्राचे विभाग प्रकल्पांसाठी विषय शोधत असतात, त्यांना याहून जवळचा विषय मिळणार नाही.

आणि विद्यार्थ्यांना एक सांगणं आहे. तुमच्या पिढीची स्वतःची घोषणा असायला हवी. आम्ही दिलेली चालवा, पण तेवढ्यावर थांबू नका. तुमच्या गावाचा दगड, तुमच्या कॉलेजसमोरचा रस्ता, तुमच्या संघातल्या पोरीचं टोपणनाव, वसतिगृहाच्या मेसमधला पदार्थ, काहीही चालेल. बेलींना आगगाडीची चाकं पुरली. घोषणा चुकेल, पहिल्यांदा चारच जण उत्तर देतील, दुसऱ्यांदा दहा देतील. साताऱ्याच्या त्या राखीव खेळाडूला मैदानात क्वचितच उतरायला मिळालं, पण त्याने दिलेल्या हाकेवर आज चार भाषांची माणसं परदेशात एका बाजूला उभी राहतात. ज्याला मैदानात जागा मिळत नाही त्याच्यासाठी खेळात असलेलं हे एकमेव मानाचं काम आहे आणि ते यंत्राकडे सोपवणं हा त्या विद्यार्थ्यावर अन्याय आहे.

यंदाच्या क्रीडा महोत्सवाची परिपत्रकं लवकरच निघतील. प्राचार्यांनी आणि जिमखाना प्रमुखांनी त्यांत एक ओळ घालावी: सामना चालू असताना मैदानावर गाणी वाजणार नाहीत, घोषणा विद्यार्थीच देतील.